ओठांवरच्या कणांची कैफियत

घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे, आणि १६०८ साली रामनवमीच्या दिवशी तेथे ठोसरांच्या घरात जन्मलेल्या ज्या नारायणाने पुढे दासबोध रचला, त्याने त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचे निरूपण करताना मनुष्यदेहास जडणाऱ्या व्याधींची जी लांबलचक याद दिली आहे, ती वैद्यकाच्या अभ्यासकानेही एकदा सावकाश वाचावी अशी आहे. खरूज, नारू, देवी, गोवर असे त्या काळच्या खेड्यापाड्यांतील घरोघरचे रोग तिच्यात आहेत. त्यांपैकी देवीचा रोग भारतातून नाहीसा झाल्याचा दाखला १९७७ साली आणि नारूचा २००० साली मिळाला, गोवर मात्र अद्यापि आपला हक्क सांगत उभाच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली तक्रार या यादीत बसविताच येणार नाही, कारण ती मुळी व्याधीच नव्हे. आणि तरीही आज जांबसारख्या गावातील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा लग्न ठरू घातलेली मुलगी जिच्यापायी रात्र-रात्र अस्वस्थ होते, अशा तक्रारींत तिचे स्थान बरेच वरचे लागेल. ओठांच्या लाल किनारीवर, विशेषतः वरच्या ओठावर, रव्याच्या दाण्यांसारखे दिसणारे पिवळसर-पांढरे बारीक कण, हीच ती तक्रार. घरातील आरशात ते वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. हातातल्या फोनाचा कॅमेरा ओठाला चेहऱ्याएवढा मोठा करून दाखवू लागला म्हणजे ते एके दिवशी अकस्मात दिसतात, आणि कालपर्यंत नसलेला रोग आज उद्भवला अशी त्या व्यक्तीची समजूत होऊन बसते.

वैद्यकात या कणांना फोर्डाइस कण असे म्हणतात. जॉन अ‍ॅडिसन फोर्डाइस या न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले म्हणून त्याचे नाव त्यांस चिकटले. वस्तुतः ओठांत तैलग्रंथी असतात ही गोष्ट कोलिकर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने १८६१ सालीच नमूद करून ठेवली होती. मौज अशी की, ज्याच्या नावाने हे कण आज ओळखले जातात त्या फोर्डाइसनेही त्यांस ओठांचा व तोंडाच्या अंतस्त्वचेचा एक विलक्षण विकार म्हणूनच प्रथम जगापुढे मांडले. तेव्हा आरशासमोर उभ्या राहिलेल्या एखाद्या अजाण मुलाने तीच समजूत करून घेतली, तर त्याला दोष देण्याचे काही कारण नाही.

हे कण म्हणजे दुसरे तिसरे काही नसून तैलग्रंथी होत. आपल्या त्वचेवर बहुतेक सर्वत्र, तळहात व तळपाय सोडल्यास, अशा ग्रंथी असतात. त्या केशमुळाला बिलगून राहतात आणि आपल्यातील स्निग्ध द्रव्य केसाच्या वाटेने बाहेर सोडून त्वचा व केस मऊ ठेवतात. ओठांच्या लाल भागावर केस नसतात, परंतु गर्भावस्थेत चेहऱ्याचे निरनिराळे भाग एकमेकांस येऊन मिळतात व त्यांतून तोंड घडते, त्या वेळी त्वचेच्या काही तैलग्रंथी ओठांच्या किनारीत आणि गालांच्या आतील अस्तरात राहून जातात, असे त्यांच्या अस्तित्वाचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. केसाचा आश्रय नसल्यामुळे त्या आपले तोंड सरळ पृष्ठभागावरच उघडतात. अन्य ठिकाणच्या जाड त्वचेखाली अशी ग्रंथी दिसली नसती. ओठांची त्वचा इतकी पातळ असते की, आतील स्निग्ध द्रव्याचा फिकट पिवळा रंग तीतून आरपार दिसतो. केसाशिवाय राहणाऱ्या तैलग्रंथी हा काही ओठांचाच अपवाद नव्हे. पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी याच कुळातील आहेत आणि डोळ्यांतील अश्रू लवकर सुकू नयेत याची व्यवस्था त्या पाहतात. स्त्रियांच्या स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर गर्भारपणी उठून दिसणारे बारीक उंचवटे हेही त्यांचेच आप्त. त्यांच्याविषयी कोणी कधी तक्रार करीत नाही, हे येथे सहज आठवले म्हणून सांगितले.

प्रौढ माणसांपैकी शेकडा ७० ते ८० जणांच्या ओठांवर किंवा गालांच्या आत हे कण सापडतात. म्हणजे ज्याच्या ओठांवर ते आहेत तो बहुसंख्याकांत मोडतो. फरक असतो तो केवळ संख्येचा व उठावाचा. जन्मतःच त्या ग्रंथी हजर असतात, परंतु तारुण्याच्या उंबरठ्यावर शरीरात जे अंतःस्राव वाढतात त्यांच्या प्रभावाने त्या फुगतात, आणि म्हणून त्या प्रथम लक्षात येतात त्या नेमक्या अशा वयात, जेव्हा माणूस स्वतःच्या रूपाविषयी सर्वांत अधिक हळवा असतो. ज्यांची त्वचा तेलकट आहे त्यांच्यात, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत, त्या अधिक ठळक दिसतात.

आता ओळख कशी पटवावी ते पाहू. सकाळच्या स्वच्छ उजेडात, हात धुऊन, आरशासमोर उभे राहावे व वरचा ओठ दोन बोटांनी हलकेच ताणावा. फोर्डाइसचे कण असतील तर ओठ ताणल्याबरोबर ते अधिक स्पष्ट होतात आणि सैल सोडल्यावर पुष्कळसे लपतात. त्यांचा आकार एक ते तीन मिलिमीटर, रंग पिवळसर किंवा दुधाळ. ते कधी सुटे-सुटे तर कधी एकमेकांस भिडून लहानशा पट्ट्यासारखे दिसतात, आणि बहुधा उजव्या-डाव्या दोन्ही अंगांस सारखेच असतात. ते त्वचेच्या पृष्ठभागावर चिकटलेले नसून पृष्ठभागाखाली बसलेले आहेत, हे नीट पाहिले असता कळते. स्वच्छ ओल्या फडक्याने पुसले तरी ते जात नाहीत, त्यांतून रक्त येत नाही, ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, चुरचुरत नाहीत, आणि तिखट-खारट खाल्ल्याने त्यांची आग होत नाही. सहा महिन्यांपूर्वीचे एखादे जवळून काढलेले छायाचित्र हाताशी असेल तर त्यात ते जवळजवळ असेच सापडतील, आणि ही रुजुवात पुष्कळांच्या मनास औषधापेक्षा अधिक गुण देते. ही सर्व लक्षणे जुळली म्हणजे निदानासाठी रक्ततपासणीची गरज राहत नाही, त्वचेचा तुकडा काढून तपासण्याची तर क्वचितच पडते. अनुभवी डॉक्टर केवळ पाहून सांगतो, आणि त्याने काहीही लिहून न देता घरी जाण्यास सांगितले तर त्याने आपली फी फुकट घेतली असे समजू नये. निर्धास्त राहा, हे सांगण्याइतके ज्ञान मिळविण्यास त्याला काही वर्षे लागलेली असतात.

परंतु ओठांवर व तोंडात दिसणारा प्रत्येक पांढरा ठिपका फोर्डाइसचाच असतो, असे मानून चालणारे नाही. आणि या लेखाचा खरा भर जर कशावर असेल तर तो याच ठिकाणी आहे. काही सोंगे तशी सौम्य असतात. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे पाणीदार फोड पुंजक्याने उठतात, ज्यांना कित्येक लोक नागीण समजतात, ते उठण्याआधी एक-दोन दिवस त्या जागी चुणचुण व आग होते, मग फोड फुटून खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत सर्व मावळते. हा विषाणूचा संसर्ग असून तो स्पर्शाने पसरतो, फोर्डाइसचे कण मात्र न आग करतात, न येतात-जातात, न दुसऱ्यास लागतात. तान्ह्या बाळाच्या तोंडात, मधुमेही माणसाच्या जिभेवर, किंवा दम्यासाठी पंप घेऊन चूळ न भरणाऱ्याच्या टाळूवर जो दह्यासारखा पांढरा थर साचतो तो बुरशीचा असतो, आणि पुसला असता निघून खाली लाल जागा दिसते. गालांच्या आत जाळीदार पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो प्रकार आणखी निराळा, आणि तो डॉक्टरला दाखविण्याजोगा.

गोवराची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. फोर्डाइसने आपले वर्णन ज्या १८९६ साली प्रसिद्ध केले, त्याच साली त्याच न्यूयॉर्क शहरात हेन्री कॉप्लिक नावाच्या बालरोगतज्ज्ञाने गोवराचे एक आगाऊ चिन्ह नोंदविले: अंगावर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी, दाढांच्या समोर गालांच्या आतील बाजूस लालसर पार्श्वभूमीवर उठणारे बारीक निळसर-पांढरे ठिपके. एकाच शहरात एकाच वर्षी दोघांनी तोंडाच्या आतील पांढऱ्या ठिपक्यांकडे निरखून पाहावे, आणि एकाचे ठिपके संपूर्ण निरुपद्रवी तर दुसऱ्याचे एका घातक रोगाची पूर्वसूचना ठरावी, हा योगायोग विलक्षण खरा. आईबापांनी यातून व्यवहारापुरते एवढेच घ्यावे की, ताप, खोकला, वाहते नाक व लाल डोळे यांसह मुलाच्या गालांच्या आत असे ठिपके दिसले तर ओठांवरच्या कणांविषयी वाचलेले हे सारे बाजूस ठेवावे, मूल इतर मुलांपासून वेगळे ठेवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, आणि नऊ महिन्यांची व दीड वर्षाची गोवराची लस घेतली होती की नाही याचा दाखला म्हणजे लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे.

तथापि आपल्या मुलखात याहून मोठी गफलत होते ती तंबाखूच्या बाबतीत. मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या पारावर घटकाभर बसले तर तळहातावर चुना लावून तंबाखू मळणारे आणि खालच्या ओठाआड बार भरणारे दहा हात दिसतील. घरातील वडीलधाऱ्या बायका दातांना मिसरी लावताना दिसतील. आणि महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आलेल्या गुटख्याच्या रिकाम्या पुड्या एस. टी. थांब्यामागे अद्याप सापडतील. अशा माणसाच्या ओठाच्या आत, नेमक्या जेथे बार ठेवला जातो त्या जागी, हळूहळू एक पांढरट, सुरकुतलेला, जाडसर चट्टा तयार होतो. तो दुखत नाही, पुसून जात नाही, म्हणून तोही निरुपद्रवी असेल अशी खुळी खातरजमा माणूस करून घेतो. सुपारी व गुटखा खाणाऱ्याच्या गालांचे अस्तर ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होते, त्या विकाराचे वर्णन डॉ. जोशी यांनी १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात केले, आणि या दोन्ही अवस्थांतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो हे आज निर्विवाद आहे. म्हणून प्रत्येकाने एवढे आपल्याशी तपासून पाहावे: स्वतःची तीन बोटे, एकावर एक उभी धरून, पुढच्या दातांमध्ये सहज जातात काय, पांढरा किंवा लाल चट्टा एकाच अंगाला व एकाच जागी आहे काय, तो खडबडीत, घट्ट किंवा वाढता आहे काय, आणि तोंडातील एखादी जखम दोन आठवड्यांची मुदत उलटूनही भरत नाही काय. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर काळजीचे आले तर विलंब न करता दंतवैद्यास तोंड दाखवावे. माझ्या पाहण्यात असे पुष्कळदा आले आहे की, वरच्या ओठावरच्या निरुपद्रवी कणांसाठी शहरातल्या डॉक्टरकडे धाव घेणारा तरुण खालच्या ओठाआड बार ठेवूनच दवाखान्याची पायरी चढतो, आणि डॉक्टरने ओठ खाली ओढून पाहिले म्हणजे कोणत्या ओठाची चिंता करावयास हवी होती हे त्याला प्रथम समजते. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देणारा शासनाचा दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. तो लिहून ठेवण्यास काही खर्च नाही.

आता घरगुती व बाजारी इलाजांकडे वळू. ग्रंथी त्वचेच्या आत असल्यामुळे वरून लावलेल्या लिंबाने, लसणाने, हळदीने किंवा दंतमंजनाने तिचे काहीच वाकडे होत नाही. ओठाची नाजूक त्वचा मात्र भाजते, सोलते व काळवंडते, आणि काळवंडलेला ओठ हे मूळच्या कणांपेक्षा कितीतरी अधिक दिसणारे आणि कितीतरी सावकाश जाणारे दुखणे आहे. चुना लावण्याची कल्पना तर कोणाच्याही डोक्यात येऊ नये. सुईने टोचून किंवा नखांनी दाबून आतील पांढरा भाग काढण्याचा उद्योग पुष्कळ जण करतात. कधी थोडे पिवळट द्रव्य निघतेही, परंतु ग्रंथी जागच्या जागी राहून पुन्हा भरते, आणि दाबलेल्या जागी सूज, पू किंवा कायमचा व्रण राहून जातो. साखर व मध घासून ओठ ‘साफ’ करण्याचा जो प्रकार सध्या फोनवर दाखविला जातो, त्याने ओठावरची सुटलेली कातडी तेवढी निघते. मळ नसलेल्या ठिकाणी घासून साफ काय होणार, हा प्रश्न विचारणारा कोणी त्या चित्रफितींत आढळत नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे औषधाच्या दुकानातून, कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून, एखादी मलमाची नळी घेणे. दुकानदार सद्भावनेनेच जी नळी पुढे करतो तीत बहुधा एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक व एक प्रतिजैविक अशी तिहेरी मिसळ असते. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव तीवर वाचावयास मिळाले तर ती ओठांना व चेहऱ्याला लावू नये. तिच्या योगाने आरंभी त्वचा गोरी व गुळगुळीत झाल्याचा भास होतो, नंतर ती पातळ पडते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, तोंडाभोवती पुटकुळ्या उठतात, आणि मलम थांबविताच सगळे उफाळून येते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी कित्येक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, ती सबबीवाचून नव्हे.

इतके सांगूनही ज्यांना हे कण आपल्या ओठांवर नकोच वाटतात, त्यांची मी थट्टा करणार नाही. माणसाला आपल्या चेहऱ्यावर काय दिसावे याविषयी मत असण्याचा अधिकार आहे, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे त्यासाठी काही उपायही आहेत. ते कोणते, व त्यांची किंमत केवळ रुपयांत मोजावयाची नसते ती कशी, हे आधी समजून घेतले म्हणजे मसलत नीट करता येते. कार्बन डायऑक्साइड लेझरने एकेका कणाला जाळून त्याची वाफ करता येते. विजेच्या सुईने तोच परिणाम साधता येतो. ओठांच्या त्वचेत अतिसूक्ष्म गोल छेद घेऊन ग्रंथी मुळासकट उचलण्याची पद्धतही आहे, आणि काही तज्ज्ञ तीव्र आम्लाचा नेमका ठिपका देऊन कण दाबतात. या सर्वांस जागा बधिर करावी लागते, नंतर काही दिवस ओठ सुजतो, खपली धरते, आणि सारे सुरळीत होण्यास एक-दोन आठवडे लागतात. उपाय जितका वरवरचा तितकी ग्रंथी परतण्याची शक्यता अधिक, आणि जितका खोल तितकी व्रण राहण्याची जोखीम अधिक. या दोहोंच्या मध्ये कोठे थांबावे हे डॉक्टरच्या हाताला कळावे लागते. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत तर जळलेल्या जागी काळा किंवा पांढरा डाग राहण्याचे भय गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळच जास्त असते, आणि लेझरच्या जाहिरातीतील छायाचित्रे बहुधा गोऱ्या ओठांची असतात. ज्यांना पूर्वी ओठांवर ते पाणीदार फोड येत असत, त्यांना लेझरच्या उष्णतेने ते पुन्हा उठू शकतात. म्हणून ही हकीकत डॉक्टरला आधीच सांगावी, म्हणजे तो विषाणूवरचे औषध अगोदर सुरू करतो.

मुरुमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळीने शरीरातील सर्वच तैलग्रंथी आकसतात, आणि ती चालू असेतो ओठांवरचे कणही काही जणांत फिके पडतात. गोळी बंद झाल्यावर ते परत येतात. शिवाय या गोळीने ओठ इतके कोरडे पडतात व फुटतात की, ओठांच्या सौंदर्यासाठी ती घेणे हा व्यवहार माझ्या मते तरी आतबट्ट्याचा आहे. सर्वांत महत्त्वाचे असे की, ही गोळी गर्भाला अत्यंत घातक असते; ती चालू असताना व बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ राहणार नाही याची पक्की तजवीज केल्यावाचून कोणत्याही स्त्रीने ती घेता कामा नये, आणि लग्न तोंडावर आलेल्या मुलीच्या आईने ही गोष्ट विशेष ध्यानात धरावी. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेण्याचा प्रकार होतो, म्हणून हे इतके स्पष्ट लिहिले.

तेव्हा उपचार करवून घेण्याआधी डॉक्टरला काही प्रश्न बेलाशक विचारावेत: त्याने स्वतः अशा किती रुग्णांवर हा उपाय केला आहे आणि त्यांपैकी सावळ्या ओठांची छायाचित्रे तो दाखवू शकेल काय, प्रथम एकाच लहानशा, कोपऱ्यातल्या जागेवर प्रयोग करून दोन-तीन महिने वाट पाहण्यास तो तयार आहे काय, डाग पडला तर पुढे काय, आणि एकंदर खर्च किती, कारण केवळ रूपासाठी केलेल्या अशा उपायांचा खर्च विमा किंवा शासकीय आरोग्य योजना सहसा देत नाहीत. एकाच बैठकीत सर्व कण कायमचे घालविण्याची हमी जो देतो, त्याच्या दारातून चहा न घेता परतावे. आणि लग्नाची तारीख दोन महिन्यांच्या आत असेल तर या भानगडीत मुळीच पडू नये. लग्नाच्या दिवशी हलक्या रंगाची मॅट लिपस्टिक हे कण जितके सहज झाकते तितके लेझर झाकत नाही, आणि चकचकीत तेलकट लाली मात्र त्यांस उलट उठावदार करते, एवढी सूचना नवऱ्यामुलीस पुरे.

याच ठिकाणी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. हेच कण पुरुषाच्या शिश्नावर व वृषणकोषावर आणि स्त्रीच्या गुह्यांगाच्या ओठांवरही असतात, आणि तेथे ते दिसले म्हणजे गुप्तरोगाची शंका मनात शिरते. नवविवाहित जोडप्यात या शंकेने संशयाचे विष कालवले गेल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या कानी येतात, आणि एस. टी. थांब्यांच्या भिंतींवर ज्यांची नावे रंगविलेली असतात, अशा गुप्तरोगाच्या स्वयंघोषित तज्ज्ञांचा धंदा पुष्कळसा याच शंकेवर चालतो. हे कण शरीरसंबंधातून येत नाहीत, चुंबनाने लागत नाहीत, हस्तमैथुनाने होत नाहीत, आणि त्यांचा पुरुषत्वाशी किंवा अपत्यप्राप्तीशी कसलाही संबंध नाही. नवऱ्याने किंवा बायकोने हे एकमेकांस सांगावे. आणि सांगताना जीभ अडखळत असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावे, म्हणजे एकाच वाक्यात दोघांचाही फैसला होतो. परंतु त्याच जागी फोड, जखम, स्राव, किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसली तर मात्र लाज बाजूस ठेवून तपासणी करून घेणे हेच शहाणपण.

सासूबाईंनी सुनेच्या ओठांवर कण पाहून ‘हिला काही पोटातले असेल’ असे म्हणण्याचीही काही घरांत चाल आहे. पोटातील उष्णता, पित्त, रक्तातील दोष, जंत, यांपैकी कशाचाही या कणांशी संबंध नाही; भाकरी-भाजीत काही कमी पडल्यानेही ते येत नाहीत. तोंडाचे कोपरे चिरले, जीभ लाल व गुळगुळीत झाली, तर जीवनसत्त्वांची किंवा लोहाची उणीव असू शकते, आणि ती तपासून भरून काढावी. पण तो प्रश्न स्वतंत्र आहे. ओठांची एरवीची काळजी मात्र प्रत्येकाने घ्यावी, कण असोत वा नसोत. जालन्याकडचा उन्हाळा व मार्गशीर्ष-पौषातील कोरडी हवा दोन्ही ओठांस कडक जातात. म्हणून साधी पेट्रोलियम जेली किंवा घरचे तूप रात्री लावावे, ओठ जिभेने वारंवार ओले करण्याची सवय सोडावी, आणि मोसंबीच्या बागेत किंवा कपाशीच्या रानात दिवसभर काम करणाऱ्याने डोईवरचा रुमाल किंवा पदर जरा पुढे ओढून ओठांवर ऊन कमी पडेल असे पाहावे. याने कण जाणार नाहीत. ओठ बरे राहतील.

राहता राहिला कोठे दाखवावे हा प्रश्न. निव्वळ खात्री करून घ्यावयाची असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी पुरेसा आहे. तोंडात चट्टा, जखम किंवा तोंड उघडण्यास अडचण असेल तर जालन्याचे जिल्हा रुग्णालय, आणि तेथून पुढे जावे लागल्यास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा ज्याला सारा मराठवाडा घाटी म्हणून ओळखतो ते शासकीय वैद्यकीय रुग्णालय, असा क्रम ठेवावा. घाटीत जाताना सकाळी लवकर पोहोचावे, कारण केसपेपरची रांग मोठी असते, आणि जुनी औषधे व नळ्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात. प्रवासाचा दिवस मोडावयाचा नसेल त्याने शासनाच्या ई-संजीवनी सेवेतून घरबसल्या डॉक्टरशी बोलावे. त्यासाठी छायाचित्र काढावयाचे झाल्यास खिडकीशी उभे राहून, फ्लॅश बंद ठेवून, एक सैल ओठांचे व एक ताणलेल्या ओठांचे असे दोन फोटो काढावेत, आणि फोनातील चेहरा उजळ करणारी सोय बंद आहे ना हे आधी पाहावे. ती चालू राहिली तर जे दाखवावयाचे तेच पुसले जाते.